माझ्या नावावरची एक्केचाळीस दुखणी

मौजा आंबेटोला, ता. देवरी, जि. गोंदिया
रविवार, ११ नोव्हेंबर २०१८

चिरंजीव डॉक्टर राजदीप यास आजी कुसुमबाईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक आहे. हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं दिली, दोन्ही तिच्यासारखीच भांडकुदळ. तुझ्या बायकोनं दिलेली शाल मी पेटीत घालून ठेवली आहे. तिला सांग, रोज पांघरते.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. त्याचं कारण आहे. फोनवर तू नातू राहत नाहीस, डॉक्टर होतोस. ‘कधीपासून? किती वेळा? जेवण जाते काय?’ तुझे प्रश्न सुरू झाले की माझ्या तोंडातून उत्तरं पडायला लागतात. ती कशी पडतात ते तुला आता कळेलच. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

मी बोलते आणि लिहिणारी लिहिते. ती देवरीच्या कॉलेजात बी.ए.ला आहे. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते. मी म्हटलं, “पोरी, अशानं माझा नातू मले ओळखनार नाई.” ती म्हणते, “आजी, पत्र हाय, भांडन नाई.” अर्धं पत्र झालं की तिलाही कळेल काय आहे ते.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आले होते तेव्हा दोन दिवस तुझ्या घरी राहिले. तुझा चष्मेवाला दोस्त जेवायला होता. तू कपाटातून एक फाइल काढलीस, प्लास्टिकच्या कव्हराची, आणि त्याला म्हणालास, “हे बघ. पाच वर्षं, एकच पेशंट. खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. फोनवर एक्केचाळीस वेळा औषध सांगितलं, एकदाही बिघडलं नाही.” मग माझ्याकडं वळून म्हणालास, “आजी, पंचवीस तारखेच्या सभेत तुझंच उदाहरण देणार आहे.” तुझ्या बायकोनं माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकली. मी ती पुरी खाल्ली आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, एवढंही तुला कळलं नाही. आणि म्हणे डॉक्टर.

सभा कशाची ते तू मला समजावलं होतंस. कुठल्याशा डॉक्टरानं पेशंटला न पाहता फोनवर औषध सांगितलं, पेशंट दगावला, केस झाली. तेव्हापासून तुम्ही डॉक्टर लोक वाजत्या फोनकडं साप पाहिल्यासारखं पाहता. अर्धे म्हणतात, फोनवरचं औषध बंदच करा. तू म्हणतोस, बंद नको, नियम करा, खेड्यातल्या माणसानं जावं कुठं. वर काय लिहून पाठवायचं ते तुमचं मंडळ पंचवीसला ठरवणार. तू उभा राहणार, माझी फाइल उघडणार आणि म्हणणार, बघा, ही माझी आजी.

बाबू, ती फाइल उघडू नको.

म्हणजे उघड. पण आधी हे वाच.

सुरुवात तू केलीस, हे आधीच सांगून ठेवते. चुकीचा मोठा वाटा माझा, पण चमचाभर तुझ्याही ताटात आहे. मला चक्कर येत होती म्हणून तू पाच वर्षांमागं आलास. छाती तपासलीस, रक्त नेलंस, धानाच्या काट्यावर उभं करून वजन घेतलंस. एक्केचाळीस किलो. वय मला माहीत नव्हतं, तूच अंदाजानं बहात्तर ठरवलंस आणि त्या दिवसापासून मी बहात्तरची झाले. मग म्हणालास, “आजी, काही झालं तर फोन कर, मी देवरीच्या औषधवाल्या हिरालालला कागद पाठवीन, तो कागदासकट गोळ्या काळीपिवळी जीपमध्ये घालून देईल.” शेजारचा भोजराज तिथंच ओसरीवर बसला होता. त्यानं विचारलं, “डॉक्टरसाहेब, मलेही नंबर द्या ना.” तू म्हणालास, “काका, तुम्हाला मी तपासलेलं नाही. न तपासलेल्या माणसाला फोनवर औषध सांगत नाही. आजीचं वेगळं आहे. आजी मला तोंडपाठ आहे.”

हे सगळ्या टोल्यानं, म्हणजे आख्ख्या वस्तीनं, ऐकलं. तुला वाटलं, तू नियम सांगितलास. टोल्याला वाटलं, तू रस्ता सांगितलास.

आठव्या दिवशी भोजराज गालाला फडकं बांधून आला. म्हणाला, “वहिनी, डॉक्टर तुलेच औषध सांगते ना, मंग तुलेच दुखू दे.” मी दोनाचं बटन दाबून धरलं, ते तुझं. तू विचारलंस, कोणता दात? मी म्हटलं, मागचा. बाबू, माझ्या तोंडात तेव्हा पुढचे तीन दात होते. मागं नुसतं मोकळं गायरान. आजी तोंडपाठ आहे म्हणणाऱ्यानं तोंड काही पाहिलेलं नव्हतं. तुझ्या वाट्याचा चमचाभर तो हाच.

तू औषध सांगितलंस, पण एक्केचाळीस किलोच्या म्हातारीला झेपेल असं, अर्धं अर्धं. भोजराज म्हणजे ऐंशी किलोचा गडी. पाच दिवस गाल धरून बसला आणि टोलाभर सांगत फिरला, “कुसुमवहिनीचा नातू कच्चा डॉक्टर दिसते.” मला इतका राग आला की मी सांगणार होते, डॉक्टर पक्का आहे, म्हातारी कच्ची आहे. पण मग सगळंच बाहेर आलं असतं.

त्यानंतर कोणाचं ना कोणाचं येतच राहिलं. खरूज, हगवण, कानातलं पाणी, पाठीचा फोड. देवरीचा दवाखाना वाईट नाही, पण तिथं जायचं म्हणजे एक दिवसाची रोजी जाते आणि रांगेत ओळखीचं गाव भेटते. गाव विचारते, काय झालं? आणि गावाला सांगितलं की ते सोयऱ्यांपर्यंत पोचते. पोरीच्या अंगावर चट्टा उठला तर तिचं लग्न अडते. पोराला फिट आली तर त्याचं अडते. म्हातारीच्या नावावर दुखणं लिहिलं तर कोणाचं काही मोडत नाही. माझं लग्न तुझ्या आजोबांशी कधीच होऊन गेलं, आणि यादोराव काही परत येऊन म्हणणार नव्हते की मला खरजुली बायको दिली.

असं मी लोकांचं अंगावर घेत गेले. खरं सांगू? मला मजाही येत होती. पेशंट माझ्या बाजूला बसायचा, तू विचारायचास, मी त्याला हातानं विचारायची, तो कुजबुजायचा, मी तुला सांगायची. एकदा तू म्हणालास, “कोण बोलतंय तिकडं?” मी म्हटलं, “शेळी.” एका पावसाळ्यात तू हसून म्हणालास, “आजी, तुला एकटीला इतकं होतं, जसं काय आख्खा टोला तुझ्यातच राहतो.” मी म्हटलं, वयच तसं आहे. बाबू, तू अगदी बरोबर ओळखलं होतंस. फक्त ओळखून हसलास आणि सोडून दिलंस.

हिरालालला संशय होता. गोळ्या न्यायला मी स्वतः गेले तेव्हा म्हणाला, “आजी, इतक्या गोलीयाँ खाता, तरी तब्येत एकदम फर्स्ट क्लास?” मी म्हटलं, “गोळ्यांमुळंच तर आहे.” त्यानं पट्ट्या मोजून दिल्या. त्याच्या कागदावर तुझी सही होती, त्याला आणखी काय पाहिजे?

एक गोष्ट तुझ्या फाइलमध्ये ताबडतोब दुरुस्त कर, ती सभेपर्यंत थांबायची नाही. माझ्या नावापुढं तू लाल शाईनं लिहिलं आहेस, दसऱ्याला तूच दोस्ताला वाचून दाखवलंस, की एक अमुक गोळी हिला चालत नाही, अंगावर गांधी उठतात. ती मला चालते. चालत नाही ती भोजराजच्या सुनेला, चंदाला. उद्या मी खरंच पडले तर चांगलं औषध असून तू मला देणार नाहीस, आणि चंदा कुठं गेली तर तिला तीच गोळी देतील, कारण तिच्या नावावर काहीच लिहिलेलं नाही. हे मला दसऱ्यापासून रोज दिसते. माझ्या अंगावर घेतलं म्हणजे त्यांच्या अंगावरून गेलं, असं मी समजत होते. ते गेलं नाही, फक्त दिसेनासं झालं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. थोडं पाणी पिते.

प्यायले. लिहिणारी म्हणते, आजी, पाणी प्यायलेलं लिहायचं नसतं. लिही म्हटलं.

मागच्या वर्षीची धानाची रोवणी आठव. ऑगस्टची सतरा तारीख, तुझ्या फाइलमध्ये असेल. मी फोन केला, म्हटलं, गुडघे, कोपरं, हातापायाची हाडं दुखून राहिली, अंगात कणकण आहे. तू म्हणालास, “आजी, बांधीत उतरली होतीस ना?” मी म्हटलं, हव. तू रागावलास. या वयात चिखलात उभी राहतेस म्हणालास. दुखायची गोळी, जेवणावर दोनदा, गरम शेक आणि आराम सांगितलास. बरोबरच सांगितलंस. दिवसभर रोपं लावून आलेल्या म्हातारीला दुसरं काय सांगणार?

मी बांधीत उतरलेच नव्हते. उतरली होती एकोणीस वर्षांची पोरगी, केशोरावची. चार दिवस थंड पाण्यात वाकून. सगळ्यांचंच अंग दुखते तेव्हा, तिचं जास्त दुखत होतं एवढंच. तिची माय म्हणाली, “आजी, पोट्टीचं नाव नका घेऊ, साकोलीचे पाहुणे येऊन राहिले.” मी म्हटलं, नाव कायले घेऊ, माझे गुडघे आहेत ना.

दुसऱ्या दिवशी तू आपणहून फोन केलास. काळजीनं. ते फार चांगलं केलंस आणि तिथंच घात झाला. मी शेळ्यांना पाला घालत होते. तू विचारलंस, “आजी, गुडघे कसे आहेत?” आणि मी म्हटलं, “एकदम ठीक. काय झालं माझ्या गुडघ्यांना?” तू हसलास, “लागू पडली म्हणजे.” फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की तू कोणाचे गुडघे विचारत होतास. दुसऱ्याच्या दुखण्यावर पाच वर्षांत त्या एकाच दिवशी मी तुला स्वतःचं खरं उत्तर दिलं, बाबू. पुन्हा फोन करून सांगावं असं वाटलं. पण काय सांगू, की ठीक झालेले गुडघे पुन्हा दुखायला लागले? मग म्हटलं, गोळी तर घेऊन राहिली, उद्या उतरेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुशिलाबाई, आपली आशाताई, पोरीच्या घरी आली, मी तिथंच होते. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, छाती दुखते म्हणत होती, श्वास वरच्या वर. सुशिलाबाईनं बोटानं डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली आणि माझ्याकडं बघितलं. “आजी, हिचे डोये हळदीसारखे पिवळे होऊन राहिले. कोणालेच काऊन सांगितलं नाई?” मी म्हटलं, राजदीपला सांगितलं आहे. ती म्हणाली, “काय सांगितलं?”

मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात म्हणून. 

एकशेआठची गाडी आली. देवरी, मग गोंदिया. मीही बसले गाडीत. तिथल्या डॉक्टरबाईनं रक्त तपासलं आणि म्हणाली, सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकतात, थंड पाण्यात राहिलं की आणखी. दोन बाटल्या रक्त दिलं, अकरा दिवस ठेवलं. पोरगी वाचली. चांगली वाचली, आता गोळ्या घेते, महिन्याला तपासून येते, रोवणीला जात नाही.

पण पहिल्या दिवशी डॉक्टरबाईनं विचारलं होतं, आधी काय औषध दिलं? पोरीच्या मायनं तुझा कागद पुढं केला. बाईनं वाचलं, “कुसुमबाई, वय शहात्तर. कोण ही?” मी तो कागद तिच्या हातातून घेतला. म्हटलं, बाई, हा माझा आहे, चुकून आला, गोळ्यांची पट्टी मात्र हीच, ती पाहा. तिनं पट्टी उलटून पाहिली. म्हणाली, “न पाहता औषध सांगणारा डॉक्टर आणि दुसऱ्याचं औषध खाणारा पेशंट, दोघांना एकाच खाटेवर टाकायला पाहिजे.” मी कागद कमरेच्या पिशवीत खोचला. तिथं तुझी सही होती.

तो कागद पंधरा महिने माझ्याकडं आहे. तू पाच वेळा घरी येऊन गेलास. दर वेळी मी तुला भात वाढला.

इथं लिहिणारीनं पेन ठेवला होता.

आता सांगून टाकते. लिहिणारी तीच आहे. केशोरावची रश्मी. मी तिलाच बोलावलं, कारण मला दुसऱ्या कोणाच्या हातून हे लिहून घ्यायचं नव्हतं. तिला वाटलं होतं, आजी शेळीचं आणि धानाचं लिहायला सांगेल. वर ‘केशोरावची पोरगी’ लिहिताना तिनं मान वर केली नाही. आत्ता केली.

ती म्हणते, “आजी, माझं नाव का घालून राहिली?”

मी म्हटलं, तू म्हणशील तर खोडू. ‘एक पोरगी’ लिहू.

ती म्हणते, “साकोलीचे पाहुणे तर तसेही गेले. दवाखान्याचं कार्ड पाहून गेले.” मग म्हणाली, “तुम्ही तवा फोनवर माझं नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

मी म्हटलं, तो म्हणाला असता, मी तिला पाहिलं नाही, ताबडतोब दवाखान्यात न्या. त्यानं औषध सांगितलंच नसतं.

तिनं वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “म्हंजे तेच औषध होतं.” आणि पेन उचलला. हे तिचंच वाक्य आहे, माझं नाही. मला असं सुचलं नसतं.

तर बाबू, तू सभेत जा. माझी अशी मुळीच इच्छा नाही की तू घरी बसून डोकं धरावंस. चष्मेवाला आणि त्याच्यासारखे म्हणतील, बघा, फोन किती वाईट. तू म्हण, फोन वाईट नाही. प्रश्न मी बरोबर विचारले, औषधं बरोबर सांगितली, बाई भलती होती. हे त्यांना तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, कारण त्यांच्यातल्या कोणाच्याही आजीनं त्यांना असं फसवलेलं नाही. निदान त्यांना तसं माहीत नाही.

आणि नियम करणार असाल तर माझंही ऐका. मला अक्षर येत नाही, पण फोनच्या या टोकाला पाच वर्षं मी बसले आहे, तुम्ही कोणी बसलेला नाहीत. पहिल्यांदा माणूस डोळ्यानं पाहा, मग फोन. दुखते त्याच्याच तोंडून ऐका, आजीच्या, नवऱ्याच्या, सासूच्या तोंडून नाही. त्याला बोलता येत नसेल तर बाजूला सुशिलाबाईसारखं कोणी बसवा, डोळे ओढून बघणारं, आणि तिचंही नाव लिहा. दुसऱ्या दिवशी विचाराल तेव्हा आधी विचारा, कोण बोलतंय. आणि सगळ्यात मोठं सांगते: माणसाला आपल्या दुखण्यावर आपलं नाव लिहायची भीती वाटते, तोवर तुमचे सगळे नियम माझ्यासारखी म्हातारी खिशात घालून फिरेल. ‘फक्त तुला सांगतो’ असं कोणाला म्हणू नका. टोला त्यातूनच आत शिरतो.

रश्मी म्हणते, आजी, हे कागदावर फार सरकारी दिसून राहिलं. दिसू दे. सरकारलाच जायचं आहे.

त्या एक्केचाळीसमधली माझी फक्त नऊ आहेत. बाकी बत्तीस तेरा माणसांची. मी गेले आठ दिवस रश्मीचं घर सोडून घरोघर जाऊन विचारलं, नाव लिहू काय? भोजराज म्हणाला, “दाताचं लिही, दुसरं नको.” दुसरंही त्याचंच आहे, पण ते तो तुला स्वतः सांगेल. रश्मी धरून आठ जण हो म्हणाले. पाच नाही म्हणाले, त्यांचं वय आणि बाई की गडी एवढंच रश्मीनं मागच्या पानावर लिहिलं आहे. कोणत्या दिवसाचं दुखणं कोणाचं, ते मला सगळं आठवते. तुझी फाइल समोर ठेव आणि माझं नाव खोडत जा.

पण खोडून भागणार नाही. येत्या रविवारी, अठरा तारखेला, सकाळच्या नागपूरच्या गाडीनं देवरीला उतर. तेराही जण, कागदावर नाव नको म्हणालेले पाचही, विहाराच्या ओसरीवर बसतील, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. तू येशीलच असं धरून सांगितलं आहे, तेव्हा न येऊन मला खोटी पाडू नको, मी स्वतःच पुष्कळ पडले. एकेकाला पाहा. दात बघ, वजन घे, डोळे ओढ. ज्यांना पाच वर्षं औषध दिलंस त्यांची एकदा तोंडं पाहून घे. मग पंचवीसला उभा राहा आणि म्हण, हे माझे पेशंट.

रागावशील. रागाव. आठ दिवस फोन उचलू नको, मी समजेन. नवव्या दिवशी उचल, आणि पहिलं विचार, कोण बोलतंय. मी खरं सांगेन.

तुझी, पाच वर्षांत फक्त नऊ वेळा आजारी पडलेली,
आजी कुसुमबाई

लिहून देणारी: रश्मी केशोराव रामटेके, वय वीस, स्त्री. सतरा ऑगस्टचे गुडघे माझे.